कप्प्यातली न संपणारी पिशवी

त्या सकाळी मी प्रिंटर बघायला गेलो होतो. केजमधल्या एका खाजगी संस्थेचं ते छोटं रक्तकेंद्र: दोन खोल्या, चार खाटा, एक मोठा फ्रिज आणि दाराशी एक लाकडी बाक. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना तिथे रक्त चढवतात. त्यांच्या अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या केंद्रात आहेत हे आईबापांना घरबसल्या कळावं म्हणून संस्थेने मोबाईलवर एक ॲप काढलं होतं. ते ॲप आणि त्याच्या मागची सगळी यंत्रणा मी एकट्याने लिहिलेली. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे आल्यावर हातात घेतलेलं हे पहिलंच काम, त्यामुळे त्याचा मला नको तितका अभिमान होता.

मी प्रिंटरमधून अडकलेला कागद ओढत असताना बाई आत आली. दिंद्रुडहून आलेली, धारूरला गाडी बदलून. बरोबर आठेक वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर. काम लवकर आटपलं तर परत जाताना शाळेत सोडते, असं बाई कुणाला तरी सांगत होती. मुलीचे ओठ आणि नखं पांढरी पडली होती आणि दारापासून बाकापर्यंत चालत येऊनच तिला दम लागला होता.

फ्रिजपाशी तंत्रज्ञ होते. साठीला टेकलेले, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी बाईकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा जरा. पिशवी यायलीय."

"यायलीय म्हंजे?" बाईने फोन पुढे केला. "ह्याच्यात तर एक हाय दावायलंय. सकाळी पाचला बघितलं, मग निघालो आमी."

काकांनी फोनकडे बघितलं नाही. मी बघितलं. माझंच हिरवं चौकोनी चित्र, माझाच ठसठशीत अंक. ए निगेटिव्ह: उपलब्ध १. मी उठून फ्रिजच्या काचेतून डोकावलो. ए निगेटिव्हचा कप्पा रिकामा होता.

दुपारी तीनपर्यंत दोघी बसून राहिल्या. पिशवी आली नाही. शेवटच्या सोयीच्या गाडीला निघाल्या आणि चार दिवसांनी पुन्हा आल्या, तेव्हा कुठे मुलीला रक्त मिळालं. ठरल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा. ज्या पोराच्या अंगातलं रक्त दिवसादिवसाने उतरतं त्याला चार दिवस म्हणजे काय, हे मी त्याआधी कधी विचारात घेतलं नव्हतं. माझ्या लेखी तो एक अंक होता आणि अंक चुकला होता.

त्या बाईला मी कोण हे सांगायचं धाडस मला झालं नाही. प्रिंटर चालू झाला, आणि मी निघून आलो.

घरी आल्यावर पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं. माझी खोली बसस्टँडमागे, खाली गाड्या दुरुस्तीचं दुकान. दिवसभर हातोड्याचे आवाज. एरवी त्यांचा त्रास होत नाही, त्या दिवशी प्रत्येक ठोका डोक्यात बसत होता. लॅपटॉप उघडायचा, दोन ओळी वाचायच्या, उठायचं, स्टँडपर्यंत जाऊन चहा प्यायचा, परत यायचं. चौथ्या खेपेला चहावाला म्हणाला, "काहून येरझाऱ्या घालायलात? कुनी यायचंय का गाडीनं?" मी त्याच्यावरही खेकसलो.

चूक माझ्याच लिखाणात असणार याची मला खात्री होती, कारण त्या लिखाणाची अवस्था मला ठाऊक होती. हे थोडं सांगायला हवं. ॲप म्हणजे फक्त दर्शनी बाजू. ते मागच्या संगणकाला प्रश्न विचारतं, मागचा संगणक उत्तर देतो. कसं विचारायचं आणि कसं उत्तर द्यायचं याची जी ठरलेली रीत, तिला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी क्रमांक असतो. दोनशे म्हणजे काम झालं. चारशेच्या घरातला म्हणजे विचारणाऱ्याचं चुकलं. पाचशेच्या घरातला म्हणजे उत्तर देणाऱ्याचंच काहीतरी बिघडलंय. जगभर हीच रीत, आणि ती मोडायला कुणी अडवत नाही.

मी ती मनसोक्त मोडली होती. पिशव्यांचा आकडा विचारला तर एका ठिकाणी अंक मिळायचा, दुसऱ्या ठिकाणी "३ पिशव्या" असं अक्षरी वाक्य, तिसऱ्या ठिकाणी नुसती रिकामी यादी. पहिला भाग गावी आल्याआल्या निवांत लिहिलेला, दुसरा उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात घाईने, तिसरा कुठल्यातरी लग्नाच्या मांडवात मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिन्हींत माझी तीन वेगळी डोकी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझं उत्तर कायम दोनशे असायचं. केंद्रातला संगणक बंद असो, वीज गेलेली असो, मागे सगळं कोसळलेलं असो, माझी यंत्रणा हसून दोनशे म्हणायची आणि शेवटचा माहीत असलेला आकडा पुढे करायची.

हे मी आपल्या मनाने केलं नव्हतं, असं स्वतःला समजावण्याचा मी बराच प्रयत्न केला. संस्थेचे सचिव फार सभ्य गृहस्थ. सुरुवातीला मी चुकीचा संदेश लाल अक्षरात दाखवला तर ते म्हणाले होते, "अहो, लोक आधीच टेकीला आलेले असतात. त्यांना लाल कशाला दाखवता? काहीतरी बरं दिसू द्या." मी मान डोलावली होती. आमच्याकडे असंच असतं. जीपवाल्याला विचारा, कधी निघणार, तर "निघालीच." आत दोन माणसं बसलेली असतात आणि तो आणखी नऊ जणांची वाट बघत असतो. कचेरीत कागदाचं विचारा, "होऊन जाईल." कुणाचा माणूस गेला तर फोनवर "तब्येत जरा नरम आहे, निघून या" असं सांगतात, आणि ऐकणाराही सगळं समजून गाडीत बसतो. तोंडावर नाही म्हणणं आम्हाला जमत नाही. मी पुण्यात दहा वर्षं राहून स्वतःला यातून सुटलेला समजत होतो, आणि माझ्या संगणकाला नेमकं हेच शिकवून बसलो होतो.

मुलीचं पुढचं रक्त तीन आठवड्यांनी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आणि सगळं मोडून नव्याने लिहायला बसलो.

नियम एकच. काहीही विचारा, उत्तराचा साचा तोच. पहिल्या खणात काम झालं की नाही. दुसऱ्यात माहिती, अंक असेल तर अंकच. तिसऱ्यात ती माहिती कितीची आहे, म्हणजे केंद्राकडून कधी आली. आणि काम झालं नसेल तर चौथ्यात तीन गोष्टी: काय बिघडलं, का बिघडलं, आणि विचारणाऱ्याने आता काय करावं. ही तिसरी गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड गेली. चूक सांगणं सोपं असतं. पुढे काय, हे सांगायला समोर माणूस आहे असं धरून चालावं लागतं, आणि मला आयुष्यभर संगणकाशीच बोलायची सवय.

आणि आकड्याच्या तीन अवस्था केल्या. आहे, नाही, आणि माहीत नाही. केंद्र उघडं असायच्या वेळेत त्याचा संगणक तासभर गप्प राहिला तर जुना आकडा दाखवायचा नाही, सरळ सांगायचं की आम्हाला माहीत नाही.

सचिवांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही? एवढी यंत्रणा उभी केली आणि माहीत नाही म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक दिंद्रुडहून उगाच यायचे थांबतील," मी म्हणालो. आवाज चढला होता. एका ज्येष्ठ माणसाशी असं बोलू नये हे कळत होतं, तरी बोललो. ते चष्मा पुसून परत लावत म्हणाले, "करा. पण लाल नको." मी नारिंगी केलं. एवढी तडजोड मी अजूनही करतो.

अठराव्या दिवशी काम झालं. मी मुद्दाम तारा उपसून बघितल्या, खोटे प्रश्न विचारले, अर्धवट माहिती पाठवली, एकाच वेळी शंभर जणांनी विचारल्यासारखं केलं. प्रत्येक वेळी उत्तर त्याच साच्यात, शहाण्यासारखं. केंद्राशी संपर्क तुटला की पाचशे तीन आणि खाली नीट वाक्य. दोनशे फक्त खरंच काम झालं तेव्हा. मला इतका आनंद झाला की खालच्या मेकॅनिकला बोलावून दाखवलं. त्याने हात पुसत पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लई भारी. पर ह्यानं व्हतंय काय?" मी त्याला वीस मिनिटं समजावलं. तो बिचारा ऐकत राहिला.

ठरलेल्या तारखेला मी पहाटेपासून पडदा बघत होतो. ए निगेटिव्ह: १. माहिती कालची, केंद्र बंद व्हायच्या वेळची. केंद्राचा संगणक रात्री बंद असतो, त्यामुळे ते रास्तच होतं. सव्वापाचला दिंद्रुडकडून एक प्रश्न आला, उत्तर गेलं, दोनशे. तीच असणार. मी साडेआठलाच केंद्रावर जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. माझ्या यंत्रणेने पहिल्यांदा नीट उत्तर दिलं आणि एका मुलीला वेळेवर रक्त मिळालं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दहाला दोघी आल्या. काका उठले, आणि म्हणाले, "बसा जरा. पिशवी यायलीय."

 कप्पा रिकामा होता. मी फोन काढला, पुन्हा विचारलं. उत्तर त्याच देखण्या साच्यात आलं. काम झालं. एक पिशवी. माहिती ताजी, वीस मिनिटांपूर्वीची.

मुलगी या वेळी बाकावर बसली नाही, आडवीच झाली. दप्तर उशाला घेतलं. बाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "आज तरी व्हतंय का न्हाई, तेवडं सांगा."

 काकांनी अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला, बर्फाचा डबा उचलला, आणि स्वतःच्या मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या मोठ्या रक्तपेढीकडे निघाले. उन्हात. जाऊन येऊन पाच तास. साडेतीनला परतले तेव्हा घामाने भिजले होते आणि डब्यात पिशवी होती. मुलीला रक्त सुरू झालं. तिच्या हाताखाली काकांनीच उशी सारली.

अशा माणसावर मी दुसऱ्या दिवशी भडकणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्र उघडल्यापासून काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. कारण सांगितलं नाही. नोंदी कशा होतात ते बघायचंय, एवढंच म्हणालो. अकराच्या सुमारास बी निगेटिव्हची शेवटची पिशवी एका मुलाला लावली. काका संगणकापाशी आले. दोन बोटांनी टंकलं. बी निगेटिव्ह: १.

"काका, शेवटची होती ना ती?"

"व्हय."

"मग एक कुठली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी सणासुदीला काहीतरी वंगाळ बोललो. "तसं लिहू नये," ते म्हणाले. "रगताच्या खान्यात शून्य लिहायचं का? घरात ज्वारीची कणगी सरली तरी खरडून काढत न्हाई आपण. मूठभर ठिवतो बुडाला. आमच्या मायनं कवाच डबा उपडा केला न्हाई, दुष्काळातबी न्हाई. ही तर लेकरांची पिशवी हाय."

आमच्याही घरी हेच होतं. पिठाच्या डब्यात तळाला कायम एक मूठ. ती कधी वापरायची नाही, त्या मुठीवर नवं पीठ ओतायचं. लहानपणापासून बघितलेलं, त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंही नव्हतं. काकांनी ती मूठ संगणकात ठेवली होती, आणि माझी यंत्रणा ती इमानदारीने गावोगावी पोचवत होती.

माझा तोल गेला. "त्या मुठीपायी ती मुलगी दोनदा बाकावर ताटकळली," मी म्हणालो. "तुमच्या कणगीतली मूठ दळता येते, काका. ही पिशवी कुणाच्या हाताला लागते?"

खाटेवरचा मुलगा आणि त्याचा बाप आमच्याकडे बघायला लागले. काका उठून दुसऱ्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. ते खिडकीपाशी उभे होते. मला वाटलं रडतात की काय, पण त्यांचा आवाज शांत होता.

"सायेब, तुमी कागदावरलं बघता. मी हितं अकरा वर्सं हाय. वर मोठ्या पेढीत फोन करून म्हणलं ना, की पिशवी न्हाई, धाडा, तर म्हणत्यात धाडतो. चार दिस जात्यात. पर पेशंट हितं बसलाय, लेकरू आडवं झालंय म्हणलं, की मग हालचाल व्हतीया. नसता मीच जाऊन बसतो तितं. एक लिहिली की बाई येती. बाई आली की पिशवी आणावीच लागती. शून्य लिहिलं तर बाई घरीच बसंल, आन तिकडं कुनाला आठवबी न्हाई यायची."

 मला वाटलं होतं ती अंधश्रद्धा आहे. ती होतीच, पण तिच्या बुडाशी अकरा वर्षांचा अनुभव होता. आजारी मुलगी हाच त्यांचा अर्ज होता, आणि बाकावर तिला बसवणं ही तो अर्ज पुढे सरकवायची एकमेव रीत. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरीही रागही गेला नाही. दोन्ही एकदम पोटात घेऊन मी घरी आलो.

त्या आठवड्यात मला कुठेच चैन पडेना. जेवताना मध्येच उठायचो. मी अठरा दिवस खपून उत्तराचं टोपलं सुबक विणलं होतं आणि आत काय ठेवलं जातंय हे एकदाही बघितलं नव्हतं. केंद्र माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. दहा मिनिटं चालत जाऊन एक दिवस काकांशेजारी बसायचं मला वर्षभरात सुचलं नव्हतं. लोक मला हुशार म्हणतात याची त्या दिवसांत मला चीड यायची.

मग काकांना घेऊनच बसलो. तीन गोष्टी ठरल्या. पिशवीवर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल असतंच. पिशवी आली की ते यंत्राला दाखवायचं, दिली की दाखवायचं, आकडा हाताने टंकायचाच नाही. रोज सकाळी कप्पे मोजून "मोजले" एवढं बटण दाबायचं. आणि कप्पा रिकामा झाला की मागणी यंत्रणेनेच वर पाठवायची, कुणाला कधी रक्त लागणार त्या तारखांसकट, दर तासाला, उत्तर येईपर्यंत. सचिवांनी त्यासाठी मोठ्या रक्तपेढीकडे स्वतः खेटे घातले, हे त्यांचं मोठेपण. आजूबाजूच्या दोन केंद्रांनीही आपला साठा आमच्या यंत्रणेला दाखवायचं कबूल केलं.

काका सगळं ऐकून म्हणाले, "तुमचं यंत्र दर तासाला आठवण करील, बरं हाय. पर त्याला लेकराचं तोंड दिसतंय का?"

"नाही दिसत," मी म्हणालो. "तारीख दिसते."

त्यांनी मान हलवली, ती होकाराची की कशाची ते कळलं नाही.

तिसरी तारीख आली. त्या दिवशी केंद्र पहाटे पाचलाच उघडायला मी काकांना विनवलं होतं, बाई निघायच्या आत खरा आकडा जावा म्हणून. आदल्या संध्याकाळी येणारी पिशवी आली नव्हती. काकांनी फ्रिज उघडला, ए निगेटिव्हच्या कप्प्यात हात घालून चाचपलं, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा चाचपलं. मग संगणकासमोर बसले. पडद्यावर शून्य होतं. खाली बटण.

"तुमी दाबा," ते म्हणाले. "माझा हात व्हईना."

मी पुढे झालो आणि माझंही बोट थबकलं. एवढं भांडून, एवढं लिहून. दिंद्रुडमध्ये ती या क्षणी डबा भरत असेल, मुलीची वेणी घालत असेल, आणि मी तिला सांगणार होतो की नाही. हिरवा एक किती सोपा होता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, माझा हात बाजूला केला आणि स्वतःच बटण दाबलं.

दोन मिनिटांत तिचा प्रश्न आला. उत्तर गेलं, माझ्या साच्यातलं, शब्द मी आणि काकांनी मिळून लिहिलेले: ए निगेटिव्ह आज इथे नाही. येऊ नका. उद्याचं अजून माहीत नाही. मागणी गेली आहे. तुमच्या जवळच्या दुसऱ्या केंद्रात कालच्या नोंदीप्रमाणे या गटाची एक पिशवी आहे. निघण्याआधी तिथे फोन करा. खाली तिथला क्रमांक आणि आमचा.

तिचा फोन आमच्याकडेच आला. मी उचलला.

"खरंच न्हाई का?" ती म्हणाली. "का आपलं म्हणायचं म्हणून न्हाई, आन आलं की बसा म्हणताल?"

"खरंच नाही, ताई. मी फ्रिजपाशीच उभा आहे."

 पलीकडे भांड्याचा आवाज आला. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतरचा दिवस मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. दुसऱ्या केंद्रातला आकडा मी मिनिटामिनिटाला विचारत होतो. तिथे एक होती. दहाला एक होती. साडेअकराला एक होती. ती पोचली नाही की काय? जीप मिळाली नसेल? की तिथेही कुणी काका असतील, मूठ ठेवणारे? मी खुर्चीतून उठत होतो, बसत होतो. काका म्हणाले, "जरा निवांत बसा की, सायेब. मला घेरी याया लागली तुमच्यामुळं." पण तेही दर थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. सव्वाबाराला तो आकडा शून्य झाला. कुणाला तरी पिशवी दिली गेली होती. कुणाला, हे माझा साचा सांगत नव्हता.

चारला फोन वाजला. तिचाच.

"लागलं रगत," ती म्हणाली. "दीर चकलांब्याहून गाडी घिऊन आलता, त्यानं नेलं. आता झोपलीय. ओठाला रंग आलाय." काकांना मी हाताने खूण केली, ते भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले.

मी काहीतरी म्हणालो. तुम्हाला दोनदा उगाच यावं लागलं, चूक आमची होती, माझी होती, असं काहीतरी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते.

"तुमची काय चूक, दादा," ती म्हणाली. मग आवाज न चढवता: "हिच्या आदी एक मोठी व्हती मला. तिलाबी हेच. तिच्या टायमाला दवाखान्यात कुनीच न्हाई म्हणलं न्हाई. समदे म्हणले, बसा, यायलंय. आमी दोन दिस बसलो."

 फोन कानाला धरून मी उभा होतो. पलीकडे ती मुलीला काहीतरी विचारत होती, पाणी हवं का असं, आणि मग तिनेच फोन ठेवला.